ताईच्या नावावर

बँकेतून आल्यापासून दादाने बूट काढले नव्हते. जिना चढून तो थेट आतल्या खोलीत गेला, कामाच्या टेबलापाशी स्टुलावर बसला आणि बंद बर्नरकडे पाहत राहिला. वहिनी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं नक्की कळलं होतं की हा माणूस घरात बूट घालून बसला असेल तर त्याला काही विचारायचं नसतं. कोर्टाचा माणूस कारखान्यातल्या एकेका यंत्रावर चिठ्ठी चिकटवत फिरत होता, त्या दिवशीही तो असाच बसला होता.

त्यांनी मग मुलीला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"सांग. नाही म्हणाले ना?"

"नाही असं नाही म्हणाले, आई."

"मग हो म्हणाले?"

"हो असंही नाही." चिऊने ओट्याला पाठ टेकवली. ती संख्याशास्त्र शिकत होती, आणि कुठलीही गोष्ट घडली त्याच क्रमाने सांगायची तिची सवय वहिनींचा जीव खात असे. "तिथल्या अधिकारी बाईंनी कॉम्प्युटरवर बाबांचं नाव टाकलं. मला वाटलं, आता दिवाळखोरी बाहेर येणार. बाबांनी तर खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पण काहीच निघालं नाही. ती नोंद केव्हाच गेलीय म्हणे."

"म्हणजे चांगलंच झालं की!"

"ऐक ना. बाई म्हणाल्या, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. बाबा म्हणाले, हो, एका पैशाचं कर्ज नाही. तर त्या म्हणाल्या, कर्जाचं नाही म्हणत मी. काहीच नाही. फोन नाही, वीज नाही, भाडेकरार नाही, कार्ड नाही. पगार जमा होतो तो तुम्ही त्याच दिवशी काढून घेता. मधली सगळी वर्षं तुम्ही होतात कुठे?"

"अगं, इथेच होते!"

"बाबांनी तेच सांगितलं. 'इथेच होतो.' अगदी हळू."

वहिनी खाली बसल्या. दादा कुठे होता ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काचेची उपकरणं बनवायचा त्याचा कारखाना एका मोठ्या ऑर्डरीपायी बुडाला. नवी भट्टी कर्जाने घेतली आणि ऑर्डर देणाऱ्यांनी बाहेरचा स्वस्त माल उचलला. वर्तमानपत्रात त्याचं नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं छापून आलं, आणि त्या दिवसापासून त्याने आपलं नाव कुठेही लिहायचं सोडलं. सुरुवातीला कायद्यानेच काही घेता येत नव्हतं म्हणून हे घर मोठ्या बहिणीच्या, ताईच्या नावावर भाड्याने घेतलं. मग मीटर. मग गॅस, फोन. कायद्याची मुदत संपली तरी दादाची संपली नाही. वाचनालयाचं कार्ड ताईच्या नावावर होतं. मांजराच्या लशीच्या कार्डावरही मालक म्हणून ताईच.

आणि आता घरमालक घर विकत होते. ते मुलाकडे राहायला चालले होते. चांगले गृहस्थ, त्यांनी आधी यांनाच विचारलं होतं, पण महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते. हे घर गेलं तर आतली खोली जाणार. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवरून आल्यावर दादा तिथे गॅसचा बर्नर पेटवून लोकांची फुटकी उपकरणं जोडून द्यायचा. त्यातून चिऊचं शिक्षण झालं होतं. भाड्याच्या दुसऱ्या कुठल्या घरात कोण असा जाळ लावू देणार?

"मग काही उपाय सांगितला की नाही त्या बाईने?"

"शेवटी मीच दिवाळखोरीचं बोलून टाकलं, तेव्हा दोन सांगितले. चोख नाव असलेला कुणी सहकर्जदार आणायचा, नाहीतर बाबांनी दिवाळखोरीची सगळी हकीकत लिहून द्यायची. तीही नुसती नाही, कॉलेजच्या साहेबांचं पत्र जोडून. त्यांना हे सगळं माहीत आहे आणि तरी नोकरी पक्की आहे, असं."

"कॉलेजात कुठे कुणाला माहीत आहे!"

"म्हणून तर बाबा उठलेच. 'ते नाही जमायचं,' म्हणाले. पिशवीसुद्धा मी उचलली."

वहिनींनी सोडलेला श्वास चिऊला ऐकू आला.

"मग सोपं आहे की. वन्सं आहेतच."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटलं. पुन्हा नणंदेकडे हात पसरायचा, आणि हायसं वाटतंय! त्यांचे कान तापले. त्या उठल्या आणि गरज नसताना भांडी धुवायला लागल्या.

*

रविवारी दुपारी धाकटा आधी आला. दादाच्या पाठचा भाऊ. दुकानांना अंडी पोचवायचा. येताना नेहमीप्रमाणे तडा गेलेल्या अंड्यांचा एक ट्रे घेऊन आला.

"वहिनी, ही घ्या. चांगली अंडी लोकांना, फुटकी घरच्यांना. घराण्याची रीत."

"घराण्याने रीत सोडली तरी तुम्ही धरून आहात," वहिनी म्हणाल्या. पण ट्रे घेतला.

ताई आली ती जिन्यातच थांबून पायपुसण्यावर चपला घासून. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. सुट्टीच्या दिवशीही तिच्या नखांच्या कडांना प्लास्टरचा पांढुरकेपणा असे. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसली, मांजर तिच्या मांडीवर गेलं.

"बघा," धाकटा म्हणाला, "जनावरालाही मालक कळतो. आपल्या घरात दोनच गोष्टी ठाम आहेत. सूर्य पूर्वेला उगवतो आणि मीटर ताईच्या नावावर."

"सूर्याचं बिल मला येत नाही," ताई म्हणाली.

सगळे हसले. दादाही हसला, आणि चिऊला वाटलं, आता सोपं जाईल. ती दाराजवळ जमिनीवर बसली होती, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते.

चहा झाला. घरमालकांच्या मुलाचं झालं, कवळीचं माप घेताना चावणाऱ्या म्हाताऱ्याचं झालं. प्रत्येक विषय संपला की एक क्षण सगळे थांबत आणि कुणीतरी घाईघाईने दुसरा काढी. शेवटी वहिनींनी कप गोळा करता करता, ताईकडे न पाहता सांगितलं. बँकेचं, महिनाअखेरचं, चोख नावाचं. एकदा सुरू झाल्यावर त्या थांबल्याच नाहीत.

"हप्ता आम्हीच भरणार, वन्सं. तुम्हाला एका पैची तोशीस नाही. फक्त नाव हवंय तुमचं. आजवर दिलंत तसंच."

ताई मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ताईला कशाला गुंतवता यात?" धाकटा म्हणाला.

चिऊने मान वळवली. हे बोलणं त्याचं नव्हतं. गुंतणं-गुंतवणं हे शब्द त्याच्या तोंडी तिने कधी ऐकले नव्हते. हा तर "घे रे, देऊ नंतर" म्हणणारा काका.

"म्हणजे?" वहिनींनी कप खाली ठेवले.

"म्हणजे घर म्हणजे काय मीटर आहे का? वीस वर्षांचं लचांड ते. तिचं वय काय, तिने काय..."

"व्हॅन घेतलीत तेव्हा नाही वाटलं तुम्हाला गुंतवणं? ती कुणाच्या नावावर आहे?"

"व्हॅन माझ्या पोटापाण्यासाठी होती."

"आणि ही खोली काय आमच्या हौसेसाठी आहे?"

"हे बघा वहिनी, स्पष्टच बोलतो." धाकटा उभा राहिला. "मलाही कुठली बँक दारात उभं करत नाही. का? मी त्या कारखान्यात भागीदार होतो म्हणून. मी काय भट्टी मागितली होती? दादाने सांगितलं सही कर, मी केली. बुडवलं त्याने, आणि तोंड लपवत फिरलो दोघं. आता परत एकदा सगळ्यांनी सह्या करायच्या?"

दादाने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याची मान किती सहज खाली जाते, हे चिऊने पहिल्यांदाच नीट पाहिलं. जणू ती तिकडेच असते आणि एरवी तो ती कष्टाने उचलून धरतो.

पण तिला दुसरंही दिसत होतं. धाकटा ओरडत होता दादावर आणि नजर टाळत होता ताईची. खोलीत बसलेल्या चौघांपैकी तिघांकडे त्याने पाहिलं होतं. खिडकीकडे एकदाही नाही.

"छोट्या, बस खाली," ताई म्हणाली.

तो बसला.

"वहिनी, माझं नाव यात घेऊ नका. ते होणार नाही."

"का पण, वन्सं?"

"होणार नाही म्हणून सांगतेय ना."

"तुम्ही काही मनात धरलंय का? माझं काही चुकलं असेल तर चार चपराका मारा, पण..."

"तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग का?" वहिनींचा आवाज चढला, आणि जे त्या आयुष्यात कधी बोलणार नव्हत्या ते त्यांच्या तोंडून निघालं. "आम्ही जन्मभर तुमच्याच नावाखाली राहावं असं वाटतं का तुम्हाला? दारावर पाटी लागू नये आमची? मिंधे असलेलेच बरे?"

"अगं..." दादा पुटपुटला.

मांजर मांडीवरून उतरून गेलं.

*

ताईला राग आला नाही. राग यायला हवा होता, तो सोयीचा असतो, तो आला की उठून घरी जाता येतं. तिला फक्त ते ऊन आठवलं.

तिच्या प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत एका नव्या इमारतीत एक खोली आणि गॅलरी विकायला होती. ती सहज बघायला गेली होती, आणि गॅलरीत उभी राहिली तर सकाळचं ऊन बरोबर कोपरापर्यंत आलं. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे दिव्याच्या उजेडात घासणाऱ्या बाईला ते ऊन कसं वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. इथे खुर्ची, इथे कुंडी, एवढं सगळं तिने तिथल्या तिथे मांडून टाकलं होतं. मग ती बँकेत गेली. या नव्हे, दुसऱ्या. ताठ मानेने गेली. एका कामाला लागली ती आजपर्यंत तिथेच होती, एक दिवस बिनपगारी नाही, आणि घरात सगळे म्हणायचे, ताईचं नाव म्हणजे सोनं.

"मला कर्ज मिळत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"माझं नाव चालत नाही वहिनी. तुम्ही मागताय ते माझ्याकडे नाहीच."

सगळे तिच्याकडे पाहत होते. सांगायला लागल्यावर तिला कळलं की ही गोष्ट तिने मनात इतकी गुंडाळून ठेवली होती की टोकच सापडत नव्हतं.

"मी गेले होते मागे. स्वतःसाठी. एक खोली बघितली होती. तिथे एक मुलगा होता, चिऊच्या वयाचा. चांगला होता बिचारा. त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. व्हॅनचे हप्ते उशिरा, परत उशिरा, दोनदा भरलेच नव्हते. विजेचं बिल थकलं होतं. फोनचंही थकलं होतं, तो तोडला तो तसाच राहिला. म्हणाला, मावशी, वेळच्या वेळी पैसे भरायची सवय ठेवा. या वयात तरी."

"आणि तू काय म्हणालीस?" दादाने विचारलं. तो आज पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलला होता.

ताईला हेच सांगायचं नव्हतं. बाकी सगळं सांगून हे वगळता येईल असं तिला वाटलं होतं.

"मी म्हटलं, चुकलं माझं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"खोलीवाल्याला सांगितलं, जिना उंच आहे, गुडघ्याला झेपायचा नाही. पहिला मजला होता. तो बघतच राहिला माझ्याकडे."

"ताई," धाकट्याने सुरुवात केली, "ते दोन हप्ते म्हणजे काय झालं होतं माहितीय का, उन्हाळ्यात अंड्यांचा भाव..."

"अंड्यांचं सांगू नकोस मला."

"तुला माहीत होतं?" वहिनींनी धाकट्याला विचारलं. रागाच्या भरात त्या अहो-जाहो विसरल्या. "तुला हे माहीत होतं?"

"खोलीचं नव्हतं माहीत! देवाशपथ. हप्त्यांची नोटीस आली होती तिला, तेवढं माहीत होतं. ती बोलली नाही, मला वाटलं मिटलं. ती कधी काही बोलतच नाही, तर आपण काय समजायचं?"

"आपलं नाही ना, मग काय होतंय, असंच समजलास तू!"

एवढं म्हणून वहिनी एकदम थांबल्या. त्यांचा हात तोंडाशी गेला. चिऊचा अभ्यासक्रम सुरू झाला ते वर्ष. फी की वीज, असं करत त्यांनी बिल डब्यामागे सरकवून ठेवलं होतं. तोडायला येतील त्याच्या आदल्या दिवशी भरायचं, तोवर काही होत नाही, हे हिशेब त्यांना पाठ झाले होते. बिलावर नाव वन्संचं होतं. तो कागद हातात धरताना त्यांना कधी, एकदाही, लाज वाटली नव्हती.

"वीजबिल मी थकवलं होतं," त्या म्हणाल्या. "छोट्यांना काय बोलू मी? ते माझ्याकडून झालं, वन्सं."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं? आणि आत्ता मी तुम्हाला काय काय बोलले, ते ऐकून घेतलंत?"

"का नाही बोललीस?" दादाने विचारलं. आवाज खूप खालून आल्यासारखा होता. "निदान मला?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो काचेने हात कापून घ्यायचा आणि मुठीत लपवून हिंडायचा, आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं की तेव्हाच तिला कळायचं.

"तुला काय बोलू? तुझी लाज झाकायला दिलं होतं ना मी नाव? ते मळलं म्हणून तुझ्याच दारात येऊन ओरडू? तू बूट घालून बसला असतास आठवडाभर."

धाकट्याला हसू फुटलं आणि हसता हसताच त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. बराच वेळ ते काढलं नाही.

"उठते मी," ताई म्हणाली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता ही गोष्ट चौघांना माहीत होती, आणि चौघांच्या डोळ्यांतून ती तिला परत दिसत होती.

चिऊने तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. दादा तिच्या मागोमाग खालपर्यंत उतरला.

"मी उद्या कॉलेजात सांगतो," तो म्हणाला.

"माझ्यासाठी नको सांगूस. माझी खोली केव्हाच विकली गेली."

"तुझ्यासाठी नाही."

ताईने मान डोलावली. त्याच्या दंडाला हात लावावा असं तिला वाटलं, पण रस्त्यात माणसं होती.

*

सकाळी दादा कॉलेजातल्या आपल्या खोलीत शिरला आणि कुणाशी न बोलता आधी काम संपवलं. रसायनशाळेसाठी वाफ निववायचा एक कंडेन्सर होता, त्याच्या आतल्या नागमोडी नळीला सांधा द्यायचा होता. जाळात काच मऊ होते तेव्हा ती आपल्या वजनाने खाली ओढली जाते, म्हणून ती फिरवत राहावी लागते. क्षणभर हात थांबला की नळी वाकडी. असं काम करताना दुसरा विचार करता येत नाही, हेच त्याला आयुष्यभर आवडलं होतं. सांधा झाला. तो थंड व्हायला ठेवून तो विभागप्रमुखांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

बोलायला फार वेळ लागला नाही. त्याने कल्पना केली होती त्यापेक्षा ते खूप लहान निघालं. कारखाना होता, बुडाला, कोर्टाने दिवाळखोर ठरवलं, मुदत संपल्यावर मोकळं केलं. नोकरी लागताना कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता घरासाठी पत्र हवं आहे.

साहेब वयाने लहान होते आणि मनाने सरळ. ते उठून आले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"अहो, त्यात एवढं काय? होतं असं धंद्यात. तुमच्यासारखा कारागीर आम्हाला कुठे मिळणार? पत्र देतो की, आत्ता देतो."

त्यांनी तिथेच पत्र टाईप केलं, वाचून दाखवलं, सही-शिक्का केला. दादाच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तो पत्र घेऊन दारापर्यंत गेला.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. ते त्याच्याकडे नाही, टेबलाकडे पाहत होते. "ती प्लॅटिनमच्या कपाटाची किल्ली... ती इकडे ठेवा म्हणजे. गैरसमज नका करून घेऊ. मला स्वतःला काही वाटत नाही. पण उद्या तपासणीवाल्यांनी विचारलं तर..."

काचेत बसवायच्या प्लॅटिनमच्या तारा त्या कपाटात असत. नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच जुन्या साहेबांनी ती किल्ली दादाकडे दिली होती. आजवर एक वीतभर तार कमी भरली नव्हती. त्याने जुडगा काढला. कडी घट्ट होती. नखाने उघडेना, तशी साहेबांनी न बोलता पेपरकटर पुढे केला. दोघांनी मिळून ती किल्ली सोडवली.

"तार लागली की चिठ्ठी पाठवा, मी काढून देत जाईन."

"हो साहेब."

"राग नाही ना आला?"

"नाही," दादा म्हणाला, आणि ते खरं होतं. राग नव्हताच. मान आपोआप खाली चालली होती. बाहेर येऊन त्याने ती वर केली आणि बँकेचा रस्ता धरला.

बँकेत गर्दी होती. त्याच त्या अधिकारी बाई होत्या, पण आज त्यांच्या केबिनचा दिवा गेला होता म्हणून त्या बाहेरच्या खिडकीवर बसल्या होत्या. दादाच्या मागे रांग होती. एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन उभी होती, एक म्हातारा, आणि त्याच्या ओळखीचा, कोपऱ्यावरचा औषधवाला. दादाला वाटलं, उद्या यावं. मग वाटलं, उद्याही रांग असेल.

बाईंनी त्याने लिहून आणलेली हकीकत वाचली, पत्र वाचलं, कोर्टाचे दिवाळखोरीचे आणि सुटकेचे कागद वाचले.

"ही दिवाळखोरी... ती तुमचीच ना? फर्मची की तुमच्या नावावर?"

दादा काहीतरी बोलला.

"जरा मोठ्याने बोला. वरच्या पंख्याने काही ऐकू येत नाही."

"माझ्या नावावर," दादा म्हणाला. "दिवाळखोरी माझ्या नावावर होती."

मागचं बोलणं थांबलं. औषधवाल्याने खाकरल्यासारखं केलं. कडेवरच्या मुलीने आईला काहीतरी विचारलं आणि आईने तिला गप्प केलं. दादाची मान तापली, कानांच्या पाळ्या तापल्या, पण त्याने खिडकीची कड सोडली नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. "व्याज थोडं चढं लागेल. पण पत्र आहे, तर समिती अडवेल असं वाटत नाही. या आठवड्यात कळवू. मीटर आणि फोन मात्र स्वतःच्या नावावर करून घ्या लगेच. सही करा इथे."

त्याने पेन घेतलं आणि कॉलेजच्या हजेरीपटावर करायचा तशी दोन अक्षरं टाकली.

"अशी नको. पूर्ण नावाची हवी." बाईंनी कोर्टातला दिवाळखोरीचा जुना कागद त्याच्यासमोर सरकवला आणि तळाशी बोट ठेवलं. "ही आहे ना, अगदी हीच."

आपलं पूर्ण नाव त्याने त्यानंतर कधी लिहिलंच नव्हतं. त्याने ती जुनी सही पाहिली. पहिल्या अक्षराचा मोठा फराटा, शेवटची रेघ मागे वळवून सगळ्या नावाखालून ओढलेली. कारखानदाराची सही. कोर्टात त्या दिवशी एवढ्या ऐटीत आपण कशी केली असेल, याचं त्याला नवल वाटलं.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "आठवून करा."

मागे रांग वाढत होती. दादाने बाही थोडी वर घेतली आणि सही केली, खालच्या रेघेसकट.